रायफलीला परवाना, फासकीला खटला



‘मोठी शिकार’ हा शब्द आपण म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि वाटतं, गेले ते राजे, गेले ते साहेब, आता कसली मोठी शिकार! पण हा शब्द १९९१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात बसलेला होता. १९७२ सालचा मूळ वन्य जीव संरक्षण कायदा काढून बघा. नाव संरक्षणाचं, आणि आत कलम ९ मध्ये परवान्यांचे चार प्रकार छापले होते : खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जनावरं पकडणं. वाघासारखी जनावरं पहिल्या यादीत घालून त्यांची शिकार बंद केली, ते चांगलंच केलं. पण सांबर, चितळ, नीलगाय ही ‘मोठ्या शिकारी’च्या यादीत होती. अर्ज करायचा, फी भरायची, परवाना घ्यायचा, मारायचं. परवाना द्यायचा की नाही हे वरच्या साहेबाच्या मर्जीवर होतं. पण दार कायद्यानंच ठेवलं होतं.

आता त्याच कायद्याचं तेव्हाचं कलम १६ घ्या. शिकार कशानं करायची नाही ते तिथं सांगितलं होतं. जाळं नको, खड्डा नको, फास नको, विष नको, विषारी हत्यार नको. आणि त्याच कलमात पुढं म्हटलं होतं, की खास शिकार आणि मोठी शिकार रायफलीशिवाय दुसऱ्या कशानं करायची नाही. फार तर परवान्यात वेगळं लिहून दिलं असेल तर एका गोळीचं काडतूस घालून शॉटगन चालायची.

म्हणजे काय झालं? सांबर मारणं हा गुन्हा होता की नाही, ते कुणी मारलं आणि कशानं मारलं यावर ठरायचं. परवाना आणि रायफल असेल तर ती शिकार. फासकी आणि भूक असेल तर ती चोरी.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच भागातल्या एका पाड्यावर जंगलखात्याचे लोक आले. एका घराच्या वळचणीला अडकवलेल्या तारेच्या दोन फासक्या आणि भिंतीवरचा तीरकामठा त्यांनी उचलला. ससा नाही, तितर नाही, रक्त नाही, केस नाही. त्या घराच्या कर्त्या माणसाला दोन दिवस कचेरीत बसवून ठेवलं. दंड घेतला, पावती दिली नाही. त्याच आठवड्यात त्याच नाक्यावरून रात्री एक जीप वर गेली. मागं उभ्या माणसाच्या हातात झगझगीत बत्ती होती आणि पुढच्या सीटवर गवसणीत घातलेली बंदूक होती. पाड्यावरच्या बायांनी दोन बार ऐकले. सकाळी जीप खाली गेली. नाक्यावरचा बांबू दोन्ही वेळेला वर झाला. त्या जीपचा नंबर कुणी लिहून घेतला नाही.

म्हणून या अंकात आम्ही या रायफलीबद्दलच लिहायचं ठरवलं. ती काय चीज आहे, तिच्या काडतुसात काय असतं, ती कुणाच्या हातात होती आणि आपल्या जमिनीच्या लढ्याशी तिचा काय संबंध, हे सगळ्यांना कळायला पाहिजे.

हे हत्यार काय आहे

ठासणीची बंदूक सगळ्यांनी बघितलीय. नळीत दारू ओता, चिंध्या कोंबा, छर्रे टाका, गजानं ठासा, टोपी बसवा, मग बार. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर दोन शेतं ओलांडून जातं. रायफलीचं तसं नाही. तिच्या नळीला आतून मळसूत्रासारखे आटे असतात. गोळी त्यातून गरगर फिरत निघते, त्यामुळं लांबवर सरळ जाते. टोपी, दारू आणि गोळी तिन्ही एकाच पितळी नळकांड्यात बंद. तेच काडतूस.

मोठ्या शिकारीची रायफल बहुतेक वेळा बोल्टची असते. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा लोखंडी दांडा. मूठ वर उचलायची, मागं ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर उडतं. पुढं ढकलली की खालच्या पेटीतलं नवीन काडतूस नळीत जातं. मूठ खाली पाडली की कडी बसली. या कामाला एक-दोन सेकंद लागतात. माउझर नावाच्या जर्मन कारागिरानं १८९८ साली सैन्यासाठी जी बोल्टची रायफल काढली, तिच्यात पुढं दोन खुंट्या नळीच्या मागच्या भागात अडकतात आणि त्या तुटल्याच तर मागं तिसरी खुंटी असते. पेटीत पाच काडतुसं. माणसं मारायला काढलेली ही रचना इतकी पक्की निघाली, की लंडनच्या बंदूकवाल्यांनी तीच घेऊन वाघ, रानरेडा, गवा, हत्ती यांच्यासाठी रायफली बांधल्या.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं काडतूस म्हणजे ३७५ मॅग्नम. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं ते १९१२ साली काढलं. त्याच्या बुडाला पट्ट्यासारखं एक कडं असतं. त्यातली ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, दीड तोळ्याहून थोडी जास्त. ती नळीतून सेकंदाला सुमारे अडीच हजार फूट वेगानं निघते. आवाजाच्या दुपटीहून जास्त वेग झाला हा. बाराचा आवाज कानावर पडायच्या आधी गोळी जनावराच्या अंगात गेलेली असते. तीरकामठा घेऊन गेलेल्या माणसाला सांबराच्या वाऱ्याच्या खाली, पायाखालचं पान न वाजवता, वीस-तीस पावलांवर जावं लागतं. सांबराला वास आला तर ते वाचतं. ३७५ वाल्याला वास, पान, वारा कशाचीच तितकी पर्वा करावी लागत नाही. तो दोनशे पावलांवरून मचाणावर बसून मारतो.

गोळीच्या टोकाचीही गोष्ट ऐका. टोक नरम शिशाचं ठेवलं तर गोळी अंगात शिरल्यावर छत्रीसारखी पसरते आणि आतलं सगळं फाडून काढते. अशीच गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात केली होती. ती इतकी क्रूर ठरली, की १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात ती माणसावर वापरायला मनाई झाली. जनावरावर वापरायला मात्र आजही मुभा आहे. उलट, चांगल्या शिकाऱ्याचं ते लक्षण समजतात, कारण जनावर लवकर मरतं म्हणे. आणि आपली फासकी? ती ‘क्रूर पद्धत’!

कुणी किती मारले

जंगलातली जनावरं कुठं गेली, असं विचारलं की शहरातला शिकलेला माणूस आपल्याकडं बोट दाखवतो. त्याला जरा आकडे दाखवू या.

आपल्या खानदेशापासून सुरुवात करा. इंग्रजांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली. तिचा साहेब जेम्स औट्रम. दहाएक वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून जास्त वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. त्या वेळी बोल्टच्या रायफली नव्हत्या, तरी एवढे. माग काढणारे कोण होते? आपलेच पूर्वज. वाघ मारायचं इनाम सरकार देत होतं, कारण वाघ गेला तर नांगर येईल आणि नांगर आला तर सारा येईल, असा हिशेब होता.

मग रायफल आली. १९११ साली दिल्लीचा दरबार झाल्यावर इंग्रजांचा राजा पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत गेला. दहा-अकरा दिवसांत त्याच्या मंडळींनी ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून जास्त वाघ आहेत. एका माणसाच्या नावावर! १९४७ साली, ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कोरिया संस्थानच्या राजानं एका रात्रीत तीन चित्ते मारले. देशातले शेवटचे चित्ते म्हणून तेच सांगितले जातात. १९५२ साली सरकारनं जाहीर केलं, की चित्ता या देशातून संपला.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? शिकार थांबली नाही, फक्त तिचा धंदा झाला. मध्य प्रदेशाच्या आणि विदर्भाच्या जंगलात शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन यायच्या. शिकारीचे ब्लॉक पाडलेले होते. पाहुणा डॉलर मोजायचा आणि कातडं घेऊन जायचा. १९७० साली वाघाची शिकार बंद झाली आणि १९७२ साली वाघ मोजले तेव्हा साऱ्या देशात १,८२७ भरले. म्हणजे सरगुजाच्या एका महाराजानं मारले त्यापेक्षा सातशेनं जास्त, बस.

आता आम्ही विचारतो, त्या अकराशे वाघांतला एक तरी आमच्या फासकीत मेला होता काय?

नुसती रायफलच नव्हे, हेही खरं आहे. रेल्वेच्या स्लीपरसाठी साग तुटला, कंत्राटदारांनी कूप पाडले, धरणात दऱ्या बुडाल्या. त्या तिन्हीतही हुकूम कुणाचा होता ते सर्वांना ठाऊक आहे. कुऱ्हाड आपल्या हातात दिली होती, पण झाडावर हातोडीचा शिक्का साहेबानं मारला होता.

हाका कोण घालायचा

या मोठ्या शिकारीत आपले लोक नव्हते असं नाही. होते. रायफलीच्या दुसऱ्या टोकाला होते.

साहेब येणार म्हटलं की गावावर हुकूम यायचा. मचाण बांधायला लाकूड गावाचं, बांधणारे हात गावाचे. वाघाला गुंतवायला बांधायचं रेडकू गावाचं. आणि हाका घालायला माणसं गावाची. पेरणी असो, कापणी असो, ढोल, डबे, काठ्या घेऊन रांगेनं रानात शिरायचं आणि वाघाला साहेबाच्या मचाणाकडं हाकत न्यायचं. साहेब उंचावर, हातात पाच काडतुसांची रायफल. हाकारी जमिनीवर, हातात काठी. गोळी नीट लागली तर फोटो साहेबाचा. जखमी वाघ उलटला तर फाडला जायचा हाकारी. ही वेठ होती. तिची मजुरी मिळाली तर साहेबाची मर्जी.

जिम कॉर्बेटचं नाव सगळे घेतात, आम्हीही आदरानं घेऊ. १९०७ साली त्यानं कुमाऊंतली चंपावतची वाघीण मारली. तिनं चारशेहून जास्त माणसं खाल्ली होती असं सांगतात. त्या कामाबद्दल त्याला २७५ बोअरची बोल्टची रायफल भेट मिळाली. गोरगरीब पहाडी लोकांचा जीव त्यानं वाचवला, यात वाद नाही. पण ती वाघीण माणसं का खाऊ लागली, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तिच्या एका बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते तुटले होते जुन्या बंदुकीच्या गोळीनं. कुणीतरी आधी गोळी घातली, जनावर अधू केलं आणि निघून गेलं. त्याची किंमत गवत कापणाऱ्या बायांनी दिली.

हे आपल्याच देशात झालं असं समजू नका. ही रायफल जिथं जिथं गेली, तिथं तिच्यामागून हाच कायदा गेला. अमेरिकेचा माजी अध्यक्ष रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत गेला. त्यानं आणि त्याच्या मुलानं मिळून ५१२ जनावरं मारली. त्याला सगळे संशोधक म्हणाले, कारण कातडी संग्रहालयात गेली. त्याच केनियात वाटा नावाचे लोक आहेत, मोठ्या धनुष्यानं हत्तीची शिकार करणारे. इंग्रजांनी १९४८ साली त्यांच्या मुलखात त्सावोचं राष्ट्रीय उद्यान केलं आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांना ‘चोरटे शिकारी’ ठरवून तुरुंगात घातलं. धनुष्यवाला चोर, रायफलवाला पाहुणा. केनियानं १९७७ साली शिकारच बंद केली, तोपर्यंत पाहुण्यांची चंगळ चालू होती.

काडतुसाचीही जात असते

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात इंग्रजांनी तीन कायदे केले. एक जंगल कायदा, ज्यानं आपलं रान सरकारचं झालं. दुसरा हत्यार कायदा, ज्यानं काळ्या माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू झाला आणि गोऱ्याला माफी मिळाली. तिसरा देशी भाषांतल्या छापखान्यांचं तोंड बांधणारा कायदा. जमीन, हत्यार आणि तोंड, तिन्ही एकदम. आज आपण हा अंक स्टेन्सिलवर कोरून हातानं फिरवून काढतो, तेव्हा ही आठवण ठेवलेली बरी.

सरकारला आपल्या रयतेची भीती इतकी, की काडतुसाचं मापसुद्धा त्या भीतीनं ठरलं. सैन्याच्या बंदुकीचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी ४६५, ४७० अशी जराशी वेगळी मापं काढली आणि साहेबांची शिकार चालू राहिली. बंदी बंडखोरासाठी, पळवाट शिकाऱ्यासाठी.

आपल्याकडं जी रायफल बागायतदारांच्या घरी दिसते ती ३१५ बोअरची. तिचीही हीच कथा. त्या वेळी सैन्याची रायफल ३०३ ची होती; ते काडतूस बाहेर द्यायचं नव्हतं. म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्याचं आठ मिलिमीटरचं जुनं काडतूस घेतलं आणि त्यावर रायफल बांधली. रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात होते. काडतूस आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात.

आता नीट विचार करा. रायफल सरकारी कारखान्यातली. काडतूसही सरकारी कारखान्यातलं. परवाना कलेक्टर कचेरीचा. दुकानदाराच्या वहीत किती काडतुसं कुणाला विकली ते लिहिलेलं. फासकीची तार बाजारात कुठंही मिळते, तिचा हिशेब कुणाकडं नसतो. पण रायफलीच्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब सरकारच्या दप्तरात असायला पाहिजे. मग जंगलात कोण मारतं हे सरकारला खरोखर शोधायचं असेल, तर ते पाड्यावरच्या वळचणी का धुंडाळतं? आधी आपलीच वही का उघडत नाही?

पीक, सातबारा आणि बंदूक

आता मुद्द्याचं. कुणी म्हणेल, बंदुकीचा आणि नेवाड जमिनीचा काय संबंध? फार जवळचा आहे.

१९५९ सालच्या हत्यार कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची सोय केलीय. रायफलीसाठी ‘योग्य कारण’ दाखवावं लागतं आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं. बागायतदाराचं कारण लगेच पटतं. आपण पीक राखायला ठासणीची मागायला गेलो तर कारकून पहिलं विचारतो, “जमीन कुठं आहे? सातबारा आणलाय का?” नेवाडवाल्याकडं सातबारा नाही. तो असता तर लढा कशाला केला असता? सातबारा नाही म्हणजे जमीन नाही. जमीन नाही म्हणजे पीक नाही. पीक नाही म्हणजे राखायचं काय? बाप कसत आला, आजा कसत आला, मका कमरेएवढा उभा आहे, रानडुकरांनी रात्रीतून अर्धं शेत लोळवलंय, पण कागदावर तिथं नुसतं जंगल आहे. जंगलात डुकरानं खाल्लं तर त्यात नुकसान कुणाचं?

पण कायदा स्वतः काय म्हणतो? त्याच १९७२ च्या कायद्याचं कलम ११. एखादं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोक्याचं झालं असेल तर त्याला मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो. आणि मालमत्तेत काय काय येतं? ‘कुठल्याही जमिनीवरचं उभं पीक’. कुठल्याही! मालकीच्या जमिनीवरचं असं तिथं लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावरचं असं लिहिलेलं नाही. आमचा मका कुठल्या तरी जमिनीवरच उभा आहे ना? का तो आभाळात पेरलाय?

तेच कलम पुढं सांगतं, की जीव वाचवायला जनावर मारलं तर गुन्हा नाही. पण खाली शेपूट जोडलंय : त्या वेळी तुम्ही हाच कायदा मोडत असाल तर ही सूट नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं म्हणजे कायदा मोडणं. म्हणजे उद्या आपलं रान अभयारण्य झालं, पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाईवर अस्वल आलं आणि तिनं कुऱ्हाड चालवली, तर पहिला प्रश्न काय विचारतील? “तू तिथं काय करत होतीस?”

म्हणून आम्ही म्हणतो, बंदुकीचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न आहे. १९७८ च्या डिसेंबरात सरकारनं ठराव काढून जंगलजमिनीवरची जुनी अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. पंचनामे अर्धवट झाले, पावत्या हरवल्या, नावं गळाली. वर १९८० सालचा वन संवर्धन कायदा आला, मग दिल्लीला विचारल्याशिवाय काही नाही असं म्हणू लागले. मेळघाटात १९७४ साली वाघाचा प्रकल्प आला, तिथल्या कोरकू भावांच्या डोक्यावर तेव्हापासून टांगती तलवार आहे. वाघ वाचवायला कोण उठणार? ज्यांच्या आज्यांनी वाघ मारले ते नव्हे. ज्यांच्या आज्यांनी हाका घातला ते.

“मग तुम्हाला जनावरं मारायचीत का?”

हा प्रश्न आपल्याला विचारला जातो. शहरातले काही चांगले लोकही विचारतात. त्यांना टाळून चालणार नाही, सरळ उत्तर देऊ या.

नाही. वाघ नको असं आपण कधी म्हटलं नाही. आपल्या शिवेवर वाघदेव आहे, त्याला नारळ आणि कोंबडा चढतो. ज्यानं हजार वाघ मारले त्यानं वाघदेव पुजल्याचं ऐकिवात नाही. रान संपलं तर साहेब बदली घेऊन जाईल, आपण कुठं जाणार? मोह, चारोळी, डिंक, तेंदूपान, कंद, औषध, सरपण, सगळं रानात. म्हणून रान राखायची गरज आपल्याला साहेबापेक्षा जास्त आहे.

दुसरं म्हणणं असं, की आता जनावरं थोडी उरली, मग फासकीनंसुद्धा नुकसान होतं. हे म्हणणं खोटं नाही. फासकीला ससा की पाडस, नर की गाभण मादी हे कळत नाही. डोहात विष टाकलं तर लहान मासेही मरतात. गावानं बसून यावर नियम केले पाहिजेत, कुठल्या महिन्यात काय बंद, कुठला डोह राखायचा ते ठरवलं पाहिजे. पण नियम गाव करेल तेव्हा गाव पाळेल. नाक्यावर पैसे घेणाऱ्याच्या दंडानं कुठलंही पाडस वाचलेलं नाही.

आणि जो आपलाच भाऊ थोड्या पैशासाठी रात्रीच्या जीपवाल्याला वाट दाखवतो, त्यालाही सांगायला हवं : तुझा आजा वेठीनं हाका घालायचा, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. तुला आहे. सांबराची मांडी जीपमध्ये जाते, तुझ्या वाट्याला आतडी येतात, आणि पकडायची वेळ आली की नाव तुझंच येतं.

आम्हाला रायफल नको. ज्या हत्यारानं हे रान रिकामं केलं ते हत्यार हातात घेऊन आपलं काही भलं होणार नाही. आम्हाला न्याय एकसारखा पाहिजे.

आमच्या मागण्या

१. ‘मोठ्या शिकारी’चा आणि ‘खास शिकारी’चा परवाना पुन्हा कधीही कायद्यात आणू नका. शिकार बंद तर सगळ्यांना बंद.

२. तालुक्यातल्या सगळ्या रायफलींच्या परवान्यांची यादी आणि विकलेल्या काडतुसांचा हिशेब लोकांसमोर मांडा.

३. रात्री जंगलात जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद नाक्यावर ठेवा आणि ती वही गावाला दाखवा.

४. नेवाडवरच्या उभ्या पिकाचा पंचनामा करा. रानडुकरानं खाल्लेल्या पिकाची भरपाई सातबारा न मागता द्या.

५. घरात फासकी किंवा तीरकामठा सापडला एवढ्यावरून भरलेले खटले मागे घ्या. तीरकामठा आमच्या लग्नात लागतो, सणात लागतो. तो चोराचं हत्यार नाही.

६. १९७८ च्या ठरावाप्रमाणं राहिलेली नावं लावा. तोपर्यंत एकाही कुटुंबाला हलवू नका. अभयारण्य करायचं असेल तर आधी हक्कांची चौकशी गावात येऊन करा, कचेरीत बसून नको.

कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी काय करायचं

जंगलखात्याचा माणूस घरात शिरला तर घाबरू नका, अंगावरही जाऊ नका. कुठल्या कायद्याचं कुठलं कलम ते विचारा. वस्तू नेली तर पंचनामा मागा, पंच गावातले मागा. दंड भरायला लावला तर पावती घेतल्याशिवाय पैसा देऊ नका. पावती नसलेला दंड म्हणजे लाच. बाया घरी एकट्या असतील तर शेजाऱ्यांना हाक मारा, चारजणी उभ्या राहा. रात्री जीप गेली तर तिचा नंबर, तारीख, वेळ आणि ऐकलेले बार एका वहीत लिहा. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी अंगठा द्यायचा. दुकानदाराची काडतुसाची वही सरकार उघडणार नसेल, तर आपली वही आपण उघडू. पुढच्या बैठकीत प्रत्येक पाड्यानं आपली वही आणायची. त्या सगळ्या वह्या घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ आणि साहेबासमोर ठेवू : हे बघा, रान कोण खातंय.

जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
रायफलवाल्याला सलाम, फासकीवाल्याला लगाम, नाही चालणार, नाही चालणार!